मियाटाची कामं: रोल बार बसला, खरं काम सीटचं निघालं

माझ्या मियाटाला, म्हणजे माझदाच्या छोट्या, दोन सीटांच्या उघड्या गाडीला, रोल बार (गाडी उलटली तर डोकी वाचवणारी, सीटांमागची पोलादी कमान) बसला एकदाचा. ज्यांना गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी: १९९५ची एनए (म्हणजे पहिल्या पिढीची मियाटा), १.८ इंजिन, कंपनीच्या सीटा, कंपनीचे बेल्ट, दोन्ही एअरबॅग जागच्या जागी. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ असतं, म्हणून ही तेवढे महिने गॅरेजात मुक्कामाला असते आणि माझे हात काळे होतात. उन्हाळ्यात अधूनमधून साउथ हेवनजवळच्या जिंजरमॅन ट्रॅकवर, बाकी वेळ ऑफिस, किराणा आणि विनाकारण भटकणं.

उघड्या गाडीला रोल बार नसेल तर बहुतेक ट्रॅक-डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) आयोजक आत घेत नाहीत, त्यामुळे बार घ्यायचा की नाही यावर डोकं खाजवण्यात अर्थ नव्हता. डोकं खाजवायला लावलं ते उरलेल्या दिवसांनी. ट्रॅकवर डोक्यावर हेल्मेट असतं. मंगळवारी सकाळी सिग्नलला उभं असताना नसतं, आणि नेमकं तेव्हाच मागचा फोनमध्ये गुंगलेला पिकअपवाला येऊन ठोकतो. गाडी पुढे ढकलली जाते, सीटची पाठ मागे वाकते, आपण पाठीवरून थोडे वर सरकतो आणि डोकं मागे जातं. आधी तिथे मोकळी हवा होती. आता पावणेदोन इंची पोलादी नळी आहे.

म्हणजे गाडी उलटली तर जीव वाचवणारी वस्तू मागून धक्का बसला तर कवटी फोडू शकते. रस्त्यावर पलटी होण्यापेक्षा मागून ठोकलं जाण्याचीच वेळ कितीतरी जास्त येते. बार काढून टाका असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच, की बार कितपत उपकारक आणि कितपत घातक हे सीट ठरवते, म्हणून दोन्हींचा हिशेब एकत्रच मांडावा.

थोडं मागे जाऊ. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या शोमध्ये मियाटा पहिल्यांदा लोकांसमोर आली. त्याच वर्षी मर्सिडीजने आर१२९ एसएल आणली, तिच्या सीटांमागे एक बार आडवा पडलेला असतो आणि गाडी उलटतेय असं कळलं की ०.३ सेकंदात उभा राहतो. एरवी तो डोक्यामागे नसतोच. या पेचाचं यापेक्षा सुंदर उत्तर मला माहीत नाही, फक्त ते मर्सिडीजच्या किमतीत येतं. माझदाने हलकी आणि स्वस्त गाडी करायची ठरवलं होतं. तिने मागे काहीच दिलं नाही. कायद्याचीही आडकाठी नव्हती, कारण अमेरिकेतला टपाच्या मजबुतीचा नियम, एफएमव्हीएसएस २१६, उघड्या गाड्यांना लागू होत नाही. राहता राहिली पुढच्या काचेची चौकट, आणि एनएमध्ये तिच्या भरवशावर गाडी उलटवायला मी तयार नाही. बाजारात 'स्टाइल बार' नावाची चकचकीत कमान मिळते, ती निव्वळ दागिना आहे. तिच्यावर ट्रॅकवाले हसतात, आणि बरोबर हसतात.

मी घेतलेला बार १.७५ इंच व्यासाचा, ०.१२० इंच जाडीच्या डीओएम (आतल्या दांड्यावरून ओढून नेमक्या मापाच्या केलेल्या) नळीचा. मुख्य कमानीत दोन तिरक्या नळ्या एकमेकींना छेदून जातात. एकच तिरकी नळी असलेला घेतला असता तर आरशातून मागचं जास्त दिसलं असतं, पण एका बाजूच्या सीटमागे खालपासून वरपर्यंत मोकळं राहिलं असतं. फुली घेतली. आरशात ती दिसते, सवय होते.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, व्हिडिओ ढिगाने आहेत. पण दोन गोष्टी. पहिली, एनएची पेट्रोलची टाकी सीटांच्या मागच्या फळीखाली असते. ड्रिलच्या बिटवर कॉलर (बिट जास्त खोल जाऊ न देणारी कडी) लावल्याशिवाय तिथे ड्रिल चालवू नका, आणि त्याआधी डिकीतल्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. दुसरी, भोक पाडल्यावर उघडा पडलेला पत्रा. माझ्या गावी तो दोन हिवाळ्यांत खाल्ला जाईल. प्रत्येक भोकाची कड कानशीने साफ केली, एचिंग प्रायमर (उघड्या पत्र्याला धरून बसणारा पहिला थर), त्यावर रंग, मग बोल्ट, आणि खालून आधाराच्या प्लेटीभोवती सीम सीलर (सांध्यात पाणी शिरू न देणारा लेप). चाकं काढून चाकांवरच्या आतल्या कमानीत हात घालून प्लेट धरायची असते. एकजण गाडीत, एकजण खाली. बायको खाली होती आणि तिचं मत मी इथे छापू शकत नाही. काही दिवस गाडी चालवून सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासले. मागच्या दोन पायांचे किंचित सैल झाले होते, जे होतंच, पत्र्यावरचा सीलर बसतो तेव्हा.

बेल्टच्या रिळांवर मात्र वेळ घालवा. बार त्यांना अगदी चिकटून जातो. कार्पेट परत बसवल्यावर पट्टा पूर्ण बाहेर काढून सोडायचा, झटका देऊन अडकतो का बघायचं, दोन्ही बाजूंना. तीस वर्षांच्या पट्ट्याच्या कडा कुसळलेल्या असतील तर नवे बेल्ट घ्या. रोल बारच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

आता झाडूच्या दांड्याची परीक्षा. बारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सरळ दांडा ठेवायचा आणि हेल्मेट घालून, बेल्ट लावून बसल्यावर डोकं त्याच्या दोन इंच खाली राहिलं पाहिजे. नियम आयोजकागणिक बदलतो, पण हा आकडा बऱ्याच ठिकाणी ऐकाल. मी पाच फूट अकरा. मूळ सीटवर हेल्मेट दांड्याला टेकत होतं.

उपाय मियाटावाल्यांचा जुनाच: सीटमधला फोम कापायचा. १४ नंबरच्या पान्याने चार बोल्ट काढून सीट बाहेर, पालथी घालून बुडाचं कव्हर सोडवायचं, फोम उचलायचा आणि ढुंगणाखालचा भाग पाव कापायच्या विजेच्या सुरीने थर-थर कापत जायचं. मध्ये मध्ये परत बसून बघायचं, कारण कापलेला फोम चिकटवून परत येत नाही. मांडीखालचा पुढचा उंचवटा मी मुद्दाम ठेवला. लोक तोही कापतात, म्हणजे गुडघे स्टिअरिंगपासून दूर जातात. पण समोरून धडक बसली की कंबर बेल्टखालून पुढे घसरू न देणारा तोच उंचवटा. मागे कापा, पुढे हात लावू नका.

उंची जवळपास दोन इंच कमी झाली. दांडा सुटला. पण मला खरा आनंद दुसऱ्याच गोष्टीचा झाला. एनएच्या सीटला डोक्याचा आधार पाठीतच घडवलेला असतो, वर-खाली होत नाही. माझ्या उंचीच्या माणसाचं डोकं त्याच्या वरून मागे जायला मोकळं असतं. खाली बसल्यामुळे आता कवटीचा मागचा भाग आधारावरच येतो. म्हणजे एकाच कापाकापीत गाडी उलटण्याची आणि मागून ठोकण्याची, दोन्ही गणितं सुधारली. सीट बदलण्याआधी हे करून बघा, फुकट आहे.

मग मोजमाप. नेहमीच्या बसण्यात, हेल्मेटशिवाय, डोक्याच्या मागून नळीपर्यंत सहा इंच. छान वाटतं. आता मित्राला सांगितलं की बारला पाय लावून माझ्या सीटची पाठ सगळा जोर लावून मागे ओढ. अंतर सरळ साडेचारवर आलं. हा नुसता माणसाचा जोर. पाठ मागे-पुढे करायच्या यंत्रणेला वयोमानाने आलेला खुळखुळा वेगळाच. धक्क्यात ही पाठ किती जाईल हे गॅरेजात सांगता येत नाही, पण 'सहा इंच आहेत ना' म्हणून स्वस्थ बसण्यासारखं ते नाही एवढं कळलं.

इथे प्रत्येकजण सांगतो, फिक्स बकेट (शर्यतीची, पाठ न हलणारी एकसंध सीट) घाल, पाठ वाकणारच नाही. बरोबर आहे. एफआयए (मोटर शर्यतींची जागतिक संघटना) ८८५५-१९९९ मानांकनाची सीट नीट बसवली तर डोकं बारपर्यंत पोचणं अवघड. मी अजून थांबलोय, त्याची कारणं अशी. एक तर अशा सीटच्या बाजू उंच असतात आणि कंपनीचा कमरेचा पट्टा त्यांच्यावरून गेला तर तो नितंबाच्या हाडांवर न बसता हवेत राहतो. ढिला पट्टा म्हणजे सगळा भार पोटावर. पट्टा बाजूच्या खाचेतून आत घ्यायला हवा आणि बकलची जागाही त्यासाठी बऱ्याचदा बदलावी लागते. शिवाय डोक्याच्या दोन्ही बाजूंना कान असलेली सीट रस्त्यावर नको. लेन बदलताना खांद्यावरून मागे बघताच येत नाही, आणि मियाटा इतकी बुटकी आहे की ट्रकवाल्यांना आपण दिसतो की नाही याची खात्री आपल्यालाच ठेवावी लागते.

आणि हार्नेस (शर्यतीतले खांदे-कमर घट्ट बांधणारे पट्टे)? बारला पट्टे अडकवायची सोय आहे म्हणून रोज लावावेत, या मताशी माझं अजिबात जमत नाही. खांदे सीटला घट्ट बांधले आणि डोकं मोकळं ठेवलं की समोरच्या धडकेत सगळा झटका मानेवर येतो. २००१मध्ये डेटोनाच्या शर्यतीत अमेरिकेचे नामवंत ड्रायव्हर डेल अर्नहार्ट कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरने गेले, आणि त्याच वर्षी ती शर्यत घेणाऱ्या नॅस्कारने डोकं-मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं केलं. ते साधन हेल्मेटला अडकतं. हेल्मेट नाही तर तेही नाही. चार बिंदूंच्या हार्नेसमध्ये तर मांड्यांमधला पट्टाही नसतो, खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढून घेतात. रस्त्यावर तीन बिंदूंचा कंपनीचा बेल्ट आणि एअरबॅग, ही जोडी एकमेकांसाठी बनवली आहे. ती मोडायची नाही.

पॅडिंगबद्दल. हार्डवेअरच्या दुकानात पाण्याच्या पाइपावर चढवायचा काळा फोम मिळतो, तो बारवर बघितला की मला राग येतो. बोटाने दाबला तर नळी लागते. एसएफआय (शर्यतीच्या सुरक्षा सामानाची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) ४५.१ मानकाचा पॅड चपलेच्या टाचेसारखा टणक असतो आणि लोकांना वाटतं हा कसला मऊपणा. पण जोराच्या आघातात चिरडत जाऊन वेग खाण्याचं काम तो टणकपणाच करतो. तरी उघड्या डोक्याला तो कडकच लागणार. पॅड आहे म्हणून अंतर कमी चालेल असं मुळीच नाही.

आमच्या पुण्याच्या ग्रुपमधले थारवाले विचारतात, आम्हीही आत बार घालू का. नव्या थारमध्ये रोल केज मुळातच दिलेला आहे, आणि भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं स्पष्ट केलंय. वर त्यात मागे माणसं बसतात, त्यांची डोकी कुठे येतात हे आधी मोजा.

माझ्या गाडीत तूर्त असं चाललंय: ड्रायव्हरची सीट दोन खाचा पुढे, पाठ जास्त उभी, मूळ बेल्ट, बारच्या डोक्यामागे येणाऱ्या भागावर पॅड. शेजारच्या सीटवर कोणी पाठ आडवी करून झोपायचं नाही. बायकोने हा नियम ऐकून घेतलाय, पाळते आहे असं नाही. तिचं डोकं बारपासून चांगलं लांब असतं. काळजी सहा फुटी पाहुण्यांची, त्यांच्यासाठी त्या बाजूचाही फोम कापायचाय आणि पॅड पुरा करायचाय. कापडी टपाच्या मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन बारला घासते, तिथे चामड्याचा तुकडा लावेन.

एनएमध्ये फिक्स बकेट आणि कंपनीचा तीन बिंदूंचा बेल्ट दोन्ही असलेलं कोणी असेल तर बकल कुठे बसवलंय आणि कमरेचा पट्टा हाडावर येतो का, ते बसलेल्या अवस्थेतल्या फोटोसकट दाखवा. माझी ऑर्डर त्यासाठीच अडली आहे.