एका लांबलचक पदनामाच्या मागावर: गॉलवे ते किलफेनोरा

आयर्लंडमधल्या गॉलवेच्या कॅथलिक बिशपांचं पदनाम एका दमात म्हणून बघा: गॉलवे आणि किलमॅकडुआचे बिशप व किलफेनोराचे अपोस्टॉलिक ॲडमिनिस्ट्रेटर. पहिल्या दोन ठिकाणांचे ते बिशप आहेत. तिसऱ्या ठिकाणी मात्र नुसते प्रशासक, म्हणजे पोपच्या वतीने कारभार पाहणारे. हे असं का, हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला तो काही जाईना. आयर्लंडला मावसभावाकडे जायचं ठरलं तेव्हा मी त्याला सांगून टाकलं की मला या पदनामातली तिन्ही ठिकाणं बघायची आहेत.

"ताई, इथे लोक क्लिफ्स ऑफ मोहर बघायला येतात," तो म्हणाला, "आणि तू बिशपांचं व्हिजिटिंग कार्ड घेऊन फिरणार?"

गाडी त्याची होती, त्यामुळे टोमणे ऐकून घेणं भाग होतं.

पदनामात पहिलं नाव गॉलवेचं असलं तरी धर्मप्रांत म्हणून तिघांत तेच सगळ्यात लहान वयाचं, १८३१ सालचं. त्याआधीची साडेतीनशे वर्षं गॉलवेला बिशपच नव्हता, आणि हे गावाने हौसेने मागून घेतलं होतं. मध्ययुगात गॉलवे हे तटबंदीतलं व्यापारी शहर. लिंच, ब्लेक, जॉइस अशी चौदा घराणी तिथे मातब्बर होती, बहुतेक नॉर्मन किंवा इंग्रज वंशाची. तटाबाहेरचे आयरिश म्हणजे रानात-डोंगरांत वाढलेले असंस्कृत लोक, आपण मात्र सभ्य, अशी त्यांची ठाम समजूत. ट्यूमच्या आर्चबिशपांच्या हाताखाली त्या लोकांसोबत एका पंगतीत बसणं त्यांना नको होतं. म्हणून १४८४ मध्ये त्यांनी सेंट निकोलस चर्चसाठी वेगळी व्यवस्था मंजूर करून घेतली. एक वॉर्डन, म्हणजे मुख्य धर्मगुरू, हाताखाली आठ व्हिकर, म्हणजे सहायक धर्मगुरू, आणि त्यांची निवड करणार शहराचे महापौर आणि प्रतिष्ठित नागरिक. धर्मगुरू निवडणुकीने, आणि मतदार कोण तर व्यापारी! पुढे या निवडणुकांमध्ये कुणाच्या घराण्याला हक्क आणि कुणाच्या नाही यावरून इतकी भांडणं झाली की अखेर रोमने वॉर्डनपद मोडीत काढून रीतसर बिशप नेमला.

ते सेंट निकोलस चर्च शहराच्या मध्यावर आहे. १३२० च्या सुमाराचं बांधकाम, आता चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाच्या ताब्यात. शनिवारी त्याच्या भिंतीला लागून बाजार भरतो. आम्ही चीज आणि ऑलिव्ह घेतली आणि आत गेलो. आत गारवा होता आणि जमिनीत व्यापाऱ्यांच्या कबरी.

कॅथलिक कॅथेड्रल नदीपलीकडे आहे. करड्या चुनखडीचं, हिरव्या घुमटाचं आणि दिसतं त्यापेक्षा फारच नवं. जुना तुरुंग पाडून त्या जागी १९६५ मध्ये ते पुरं झालं. मला ते अवजड वाटलं. आपण किती मोठे आहोत हे सांगायची घाई झालेली इमारत. एका बाजूच्या चॅपेलमध्ये मोझेकमध्ये चक्क जॉन केनेडी आहेत. ते १९६३ मध्ये गॉलवेला येऊन गेले होते. पण इथल्या लोकांच्या मनात ही वास्तू आणखी एका नावाशी जोडलेली आहे. बिशप इमन केसी १९७६ पासून इथे होते, अतिशय लोकप्रिय. १९९२ मध्ये त्यांना एक मुलगा असल्याचं उघड झालं आणि त्यांनी राजीनामा दिला. आयरिश चर्चच्या दबदब्याला पहिला मोठा तडा तिथे गेला असं बरेच जण मानतात. २०१७ मध्ये त्यांना कॅथेड्रलच्या तळघरात पुरलं. नंतर त्यांच्यावरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप जाहीरपणे पुढे आले आणि २०२५ मध्ये त्यांचे अवशेष तिथून हलवण्यात आले. मावसभाऊ म्हणाला की त्याच्या ऑफिसातले वयस्क सहकारी या विषयावर एक तर काहीच बोलत नाहीत, नाही तर तासभर बोलतात.

किलमॅकडुआ गोर्ट गावापासून पाचेक किलोमीटरवर. फाटकाबाहेर गाडी लावली की समोर सपाट कुरणात उद्ध्वस्त चर्चांचा विखुरलेला समूह दिसतो, आणि त्यांच्या शेजारी एक गोल मनोरा. उंची सुमारे ३४ मीटर, आणि तो उभ्या रेषेपासून अर्ध्या मीटरहून जास्त कललेला आहे. दार जमिनीपासून सात मीटर उंचीवर, म्हणजे शिडीशिवाय आत जाणं अशक्य. घंटेसाठी बांधला, मौल्यवान वस्तू ठेवायला बांधला, हल्ल्यात लपायला बांधला, अशी सगळी उत्तरं दिली जातात. माझा कल घंटेकडे. लपायला म्हणून कुणी सगळ्या मुलखाला दिसेल असं बांधकाम करत नाही.

हा मठ संत कोलमन यांनी सातव्या शतकाच्या सुरुवातीला स्थापला. कथा अशी की चालता चालता त्यांचा कमरपट्टा गळून पडला, तोच संकेत मानून त्यांनी इथे चर्च बांधलं. त्याआधी सात वर्षं ते बरन नावाच्या खडकाळ मुलखातल्या डोंगरात एकांतात होते आणि त्यांच्या सोबतीला एक कोंबडा, एक उंदीर आणि एक माशी होती. कोंबडा प्रार्थनेच्या वेळेला उठवायचा. डोळा लागला तर उंदीर कान कुरतडायचा. माशी पोथीवर जिथे वाचन थांबलं त्या ओळीवर बसून राहायची. तिथले राजे ग्वारे यांच्या ईस्टरच्या पंगतीतली वाढलेली ताटं एकदा हवेत उडाली आणि थेट उपाशी कोलमनपुढे येऊन उतरली. राजा आणि दरबारी ताटांच्या मागे धावले, तो खडक अजून 'ताटांचा रस्ता' म्हणून दाखवतात. कोलमनच्या थडग्याजवळची माती पाठदुखीवर गुणकारी असंही मानतात. मावसभावाची पाठ लॅपटॉपमुळे कायम धरलेली असते. त्याने माती घेतली नाही, पण त्या जागेभोवती जरा जास्तच रेंगाळला.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाही तर पुढचं सगळं गोंधळाचं वाटतं. कोलमनच्या काळात आयर्लंडमध्ये आपण समजतो तसे धर्मप्रांत नव्हतेच. सत्ता मठांकडे आणि त्यांच्या मठाधिपतींकडे. बिशप असायचे, पण हद्दी आखलेला कारभार नव्हता. ही घडी बाराव्या शतकात बसवली गेली. ११११ मध्ये राथब्रेसलच्या धर्मसभेने देशाची धर्मप्रांतांमध्ये वाटणी केली, आर्मा आणि कॅशेल या दोन आर्चबिशपांच्या हाताखाली. आपल्याकडे मतदारसंघ आखले तेव्हा झाली असेल तशी ओढाताण तेव्हाही झाली असणार, कारण ११११ च्या त्या पहिल्या यादीत किलफेनोरा नव्हतं. त्याचा मुलूख ओब्रायन राजांच्या वजनाखालच्या किलालू धर्मप्रांतात गेला होता. मग ११५२ मध्ये पोपचे प्रतिनिधी कार्डिनल पापारो यांच्या उपस्थितीत केल्सची सभा भरली, आर्चबिशप दोनाचे चार झाले, डब्लिन आणि ट्यूमची भर पडली, आणि त्या यादीत किलफेनोराचं नाव आलं. कॉर्कमरो नावाच्या छोट्या राज्याच्या प्रमुखांना ओब्रायनांचा बिशप नको होता, स्वतःचा हवा होता. तो त्यांना मिळाला. धर्मप्रांताची हद्द म्हणजे जवळजवळ त्या राज्याचीच हद्द. किलमॅकडुआचंही तसंच, ते ग्वारेच्या वंशाचं राज्य. राज्यं गेली, राजे गेले, बिशपांच्या नकाशावर त्यांच्या सीमा अजून आहेत.

आणि पेच इथेच पडला. किलमॅकडुआ पश्चिमेकडच्या कॉनॉटमध्ये, म्हणून ट्यूमच्या आर्चबिशपांच्या प्रांतात. किलफेनोरा दक्षिणेकडच्या मन्स्टरच्या बाजूचं, म्हणून कॅशेलच्या प्रांतात. दोन्ही शेजारी, पण वरिष्ठ वेगळे.

गोर्टहून कोरोफिनमार्गे किलफेनोराकडे निघालो. लेमने किल्ल्याच्या ओसाड भिंतींपाशी रस्ता वळतो आणि उजव्या हाताला बरनचे उघडे खडक दिसू लागतात. आयर्लंडवर चालून आलेल्या इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्यातला अधिकारी लडलो १६५१ मध्ये या भागात आला होता. त्याने लिहून ठेवलंय की इथे माणसाला बुडवायला पुरेसं पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. प्रदेशाकडे बघण्याची ही एक तऱ्हा झाली! पण त्यानेच पुढे म्हटलंय की खडकांच्या फटींत उगवणारं गवत गोड आहे आणि गुरं पोसलेली आहेत. ते आजही खरं आहे. इथले शेतकरी गुरं हिवाळ्यात डोंगरावर चढवतात, कारण चुनखडी उन्हाळ्याची ऊब धरून ठेवते आणि वरची जमीन कोरडी राहते.

गुरांचं ठीक, पण बिशपांचं पोट जमिनीच्या उत्पन्नावर चालायचं, आणि खडकावर दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा, पिकत नाही. किलफेनोरा हा आयर्लंडमधला सगळ्यात लहान आणि सगळ्यात गरीब धर्मप्रांतांपैकी एक, कायमचाच. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथ वेगळा झाल्यावर, प्रत्येक ठिकाणी दोन बिशप झाले, एक सरकारमान्य प्रॉटेस्टंट आणि एक कॅथलिक. सरकारी बाजूलाही हे पद एकट्याने परवडेना. १६६१ पासून ते ट्यूमला जोडलं, १७४२ मध्ये क्लॉनफर्टला, १७५२ मध्ये किलालूला. कॅथलिक बिशपांची अवस्था तर आणखी बिकट, कारण १६९७ च्या कायद्याने त्यांना देशात राहायलाच बंदी होती. शेवटी १७५० मध्ये पोपने किलफेनोरा आणि किलमॅकडुआ एकत्र केले.

पण वरिष्ठ दोन, त्याचं काय? रोमने काढलेला तोडगा मला फार आवडला. दोन्ही ठिकाणी माणूस एकच, पण तो किलमॅकडुआचा बिशप असेल तर किलफेनोराचा नुसता प्रशासक. त्याच्यानंतरचा किलफेनोराचा बिशप आणि किलमॅकडुआचा प्रशासक. आळीपाळीने. कुणाचाच मान गेला नाही. एडमंड फ्रेंच हे तर एकाच वेळी इथले बिशप आणि गॉलवेचे शेवटचे वॉर्डन होते. १८८३ मध्ये हे दोन्ही गॉलवेला जोडले गेले तेव्हा पाळी संपली. गॉलवे ट्यूमच्या प्रांतात, म्हणून किलमॅकडुआ त्यात सरळ मिसळलं. किलफेनोरा कॅशेलचं, ते राहिलं प्रशासकाकडे. वाटणीच झाली नाही म्हणून सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव राहावं तसं ते नाव तिथे आहे. गोव्याच्या आर्चबिशपांच्या पदनामातलं 'दमण' आठवलं. दमण १८८६ ते १९२८ स्वतंत्र धर्मप्रांत होता, तो गोव्यात विलीन झाला, नाव मागे राहिलं. पण तिथे पेच नाही, इथे आहे.

गाव मात्र या पेचावर बेहद्द खूश. प्रशासक हा पोपचा प्रतिनिधी, म्हणजे किलफेनोराचे खरे बिशप साक्षात पोपच, असं इथे अभिमानाने सांगतात. कॉफी देणाऱ्या बाईंनी आम्हाला ते सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा किती आणि गर्व किती हे कळेना. मी विचारलं, पोप कधी आले आहेत का? "फार कामं असतात हो त्यांना," त्या म्हणाल्या.

कॅथेड्रल म्हणजे गावातलं एखादं मोठंसं चर्च. बाराव्या शतकाच्या अखेरीचं, संत फाख्तना यांच्या सहाव्या शतकातल्या मठाच्या जागी. त्यापूर्वीचं चर्च १०५५ मध्ये ओब्रायनांच्या स्वारीत जळालं होतं. निम्म्या भागावर छप्पर आहे, तिथे चर्च ऑफ आयर्लंडची उपासना होते. कॅथलिकांचं चर्च गावात वेगळं. वेदीचा भाग उघडा, आभाळाखाली. त्याच्या तीन उंच खिडक्यांच्या खांबांवर धर्मगुरूंचे छोटे चेहरे कोरलेत, आणि भिंतीशी दगडी बिशप उभे आहेत, गुळगुळीत झालेल्या नाकांचे.

पण बघायचे ते क्रूस. उत्तरेकडच्या भागावर आता काचेचं छत घातलंय आणि पावसाने झिजणारे क्रूस त्याखाली आणून ठेवलेत. त्यातला डूर्टी क्रूस मी खूप वेळ बघत होते. बाराव्या शतकातला. पुढे तो मोडला आणि त्याचा एक तुकडा डूर्टी घराण्याच्या कबरीवर वापरला गेला, म्हणून हे नाव. १९५० च्या दशकात तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला. वर टोकदार टोपी घातलेला एक बिशप. त्याच्याखाली दोन धर्मगुरू हातात हात घालून, एकाची काठी वळलेल्या टोकाची, दुसऱ्याची टी आकाराची, आणि दोघं मिळून खालच्या पक्ष्यासारख्या राक्षसी प्राण्याला भोसकताहेत. काही अभ्यासकांच्या मते हा क्रूस ११५२ च्या मान्यतेची आठवण म्हणून घडवला गेला. तसं असेल तर तो टोपीवाला म्हणजे नव्या कोऱ्या धर्मप्रांताचा बिशप. इतक्या गरीब गावाने इतका खर्च करून कोरून घेतला, म्हणजे ते पद त्यांना किती हवं होतं बघा.

एक क्रूस मात्र इथे नाही. किलालूचे प्रॉटेस्टंट बिशप रिचर्ड मँट यांनी १८२१ मध्ये तो उचलून आपल्या कॅथेड्रलमध्ये नेला. तो अजून तिथेच आहे. ज्या किलालूपासून सुटायला एवढा खटाटोप केला, तिथेच!

संध्याकाळी पबमध्ये गेलो. किलफेनोराचा केली बँड, म्हणजे पारंपरिक आयरिश नाचांसाठी वाजवणारा बँड, १९०९ पासून वाजवतोय. सुरुवात गावच्या चर्चसाठी पैसे जमवायला झाली असं सांगतात. त्या दिवशी बँड नव्हता, एक फिडल आणि एक बासरी होती, आणि आम्हाला तेवढं पुरलं.

परतताना मावसभावाला सांगितलं की ते पदनाम सध्या आणखी लांबलंय. २०२२ मध्ये क्लॉनफर्टचे बिशप मायकल डिगनन यांच्याकडेच गॉलवेचाही भार दिला गेला. धर्मगुरू कमी, चर्चमध्ये येणारे कमी, त्यामुळे एका माणसाकडे दोन धर्मप्रांत. क्लॉनफर्ट ट्यूमच्याच प्रांतात येतं, म्हणून तिथे प्रशासकाची भानगड नाही.

"म्हणजे अजून एक जागा राहिली?" त्याने विचारलं. राहिली. क्लॉनफर्टच्या कॅथेड्रलला बाराव्या शतकातलं दार आहे, वर त्रिकोणात माणसांची कोरलेली डोकी ओळीने बसवलेली. गाव गॉलवेच्या पूर्वेला, शॅनन नदीजवळच्या पाणथळ भागात, आणि स्वतःची गाडी असल्याशिवाय जाणं अवघड. गाडी त्याचीच असल्यामुळे मी लगेच तारीख मागितली नाही.