ब्लेड कुठलं वापरता? तुम्ही विचारलंत म्हणून

मासे पकडायचा रॉड बांधतो म्हटलं की लोक आधी विचारतात दोरा कुठला, मग इपॉक्सी कुठलं, आणि तिसरा प्रश्न ठरलेला, ब्लेड कुठलं वापरता? फोनवर मी आपला 'अकरा नंबर' सांगून मोकळा होतो आणि नंतर चुटपुट लागून राहते, कारण नुसत्या नंबरने समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

ज्यांनी रॉड बांधताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉडचा मूळ दांडा म्हणजे ब्लँक, हल्ली बहुतेक कार्बन फायबरचा, आतून पोकळ आणि टोकाकडे निमुळता. ज्या कड्यांमधून लाईन जाते ती गाईड्स. गाईडचे पाय ब्लँकवर ठेवून बारीक दोऱ्याने वेढ्याला वेढा लावत गुंडाळायचे आणि वरून इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारा लेप, चढवायचं. म्हणजे कापायचं काय, तर दोरा. पण त्या दोऱ्याच्या लगेच खाली ब्लँक आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे. कार्बनचे तंतू मुख्यतः लांबीत जातात, रॉड वाकला की सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या पृष्ठभागावर येतो, आणि तिथे ब्लेडची आडवी रेघ उठलेली असेल तर तेवढे तंतू तुटलेलेच असतात. आज काही होत नाही, उद्या पण नाही, आणि मोठा मासा लागला की बरोब्बर तिथेच कडाड.

हे मी स्वतःच्या हाताने करून बसलोय. शेजारच्या काकांच्या रॉडचं एक गाईड वाकलं होतं, ते काढून नवीन बसवायचं होतं. माझ्याकडे साधा कटर होता, त्याचं पातं बोथट झालेलं, त्यामुळे जोर लावावा लागला, आणि मी जुना दोरा गाईडच्या पायाच्या कडेने गोल फिरवून कापला. इपॉक्सी निघालं, नवीन गाईड झकास बसलं, काका खूश. पावसाळा संपल्यावर रेवदंड्याच्या खाडीत त्यांना जिताडा मासा लागला आणि रॉड त्या गाईडपाशीच मोडला. तुकडे घरी आणून भिंगाखाली पाहिले. तीन बाजूंनी तंतू पिंजल्यासारखे फाटलेले आणि एका बाजूला सुरीने कापल्यासारखी सरळ कड. काका एक शब्द बोलले नाहीत. ती सरळ कड मला अजून दिसते.

तेव्हापासून जुनं गाईड काढायची माझी रीत ठरलीय. हेअर ड्रायरने इपॉक्सी मऊ करायचं, ब्लेड गाईडच्या पायाच्या बरोबर वर, लांबीच्या दिशेने चालवायचं, म्हणजे धार खाली धातूवर आपटते, ब्लँकपर्यंत पोचतच नाही. धातूवर घासून ब्लेड खराब होतं, होऊ दे. एकदा फट पडली की दोरा नखाने सोलता येतो.

आता नवीन बांधणीचं. शेवटचे सहा-सात वेढे आपण एका सुट्ट्या दोऱ्याच्या फासावरून घेतो, मग दोरा कापून शेपूट फासात ओवायचं आणि फास ओढला की शेपूट वेढ्यांखालून बाहेर येतं. ते शेपूट अगदी मुळाशी कापायचं असतं. इथे मी दाढीचं जुन्या पद्धतीचं दुधारी ब्लेड वापरतो, कागदात असतानाच लांबीत वाकवून अर्धं केलेलं. त्याचं पातं जेमतेम ०.१ मिमी जाड, दोन वेढ्यांमधल्या फटीत टेकतं. शेपूट डाव्या हाताने ताणून वर धरायचं आणि ब्लेडची धार ब्लँककडे न करता वरच्या बाजूला ठेवायची, ताणलेला दोरा धारेला नुसता लागला तरी तुटतो. दाबावं लागलं तर समजायचं ब्लेड संपलं. बोथट ब्लेड दोरा कापत नाही, तोडतं, आणि मग जी लव सुटते ती इपॉक्सीच्या पहिल्या हातात काट्यासारखी उभी राहते.

अकरा नंबर म्हणजे सर्जिकल ब्लेड, मेडिकलमध्ये मिळतं, ३ नंबरच्या हँडलवर बसतं. टोकदार आणि सरळ. वेढ्याखाली अडकलेला तंतू उचलायला याच्यासारखं काही नाही, पण टोक इतकं अणकुचीदार असतं की हात सटकला तर रेघ उठणारच. म्हणून जो नव्याने शिकतोय त्याला मी १५ नंबर सांगतो, त्याच हँडलवर बसतं, पुढून छोटं गोलसर असतं. कार्बन स्टीलचं घेतलंत तर धार जास्त चांगली, पण आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पाकीट फोडलं की चारच दिवसांत तांबूस ठिपके येतात, त्यामुळे लागेल तेव्हाच फोडायचं. आणि ब्लेड बदलायला पक्कड घ्या, बोटं नकोत, प्लीज.

ज्याच्या पात्याचं टोक तुकड्या-तुकड्याने मोडता येतं तो कटर मी दोऱ्यासाठी बंद केलाय, पण ईव्हीए फोमची ग्रिप, म्हणजे मूठ, आणि कॉर्क कापायला तोच उत्तम. १८ मिमीचं पातं लांब बाहेर काढायचं, साबणाचं पाणी लावायचं आणि दाबायचं नाही, ओढत कापायचं. पातं मोडत जायची युक्ती १९५६ सालची, जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी काढली, बोथट टोक मोडलं की मागचं नवीन पुढे, ओल्फा कंपनी त्यातूनच उभी राहिली. मला ही कल्पना फार आवडते, कारण धार लावत बसण्यापेक्षा धार बदलायची हे आपल्या कामात तंतोतंत लागू पडतं. अख्ख्या रॉडच्या खर्चात ब्लेडचा खर्च चहाएवढा, तरी लोक एकाच ब्लेडवर तीन-तीन रॉड काढतात, हे मला खरंच बघवत नाही.

ब्लँक आखूड करायचा असेल तर ब्लेड पण नको आणि हॅकसॉ तर अजिबात नको, तिचे दात तंतूंना पकडून उचकटतात. मास्किंग टेप घट्ट गुंडाळा, तिकोनी कानशीने गोल फिरवत खाच पाडत जा, पाणी लावून, तोंडाला मास्क लावून, ती काळी पूड फुप्फुसात जाता कामा नये. पाच मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

बांबूची काठी करणाऱ्यांचं गणित वेगळं. सिंधुदुर्गाकडे माणगा मिळतो, जवळजवळ भरीव असल्याने गरीच्या काठीला छान, पण त्याला कोयता लागतो आणि तो दगडावर लावलेलाच हवा, नाहीतर पेराशी चीर पडून काठी उभी फाटत जाते. आमचे आजोबा कोयत्याला धार लावल्यावर अंगठा धारेवर आडवा, हलकेच फिरवून बघायचे आणि मगच बांबूच्या बेटात शिरायचे.

एक राहिलंच. वापरलेली ब्लेड्स कचऱ्यात सुटी टाकू नका. मी पत्र्याच्या एका डब्याच्या झाकणाला चीर पाडून ठेवलीय, ब्लेड वरून आत, झाकण कडेने टेपने बंद. डबा भरला की वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहून कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळा देतो, आणि आत काय आहे ते तोंडाने पण सांगतो.