जुनी शिडाची बोट कोकण किनाऱ्यासाठी तयार करताना

पंचवीस-तीस वर्षांची, ३० फुटांच्या आसपासची फायबरची बोट दर रविवारी गेटवेहून मांडव्याला जाऊन येते आणि ठणठणीत वाटते. तीच बोट महिनाभर मालवण-गोव्याकडे न्यायची तर पैसा आधी तळावर आणि नांगरावर घालावा. नकाशा दाखवणारी स्क्रीन शेवटी घ्यावी.

तळातले सी-कॉक, म्हणजे बोटीच्या भोकांवरचे पाण्याचे नळ, सगळ्यात आधी. पितळी सी-कॉकमधलं जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जातं आणि मागे ठिसूळ, गुलाबीसर तांबं उरतं. वरून तो धडधाकट दिसतो, जोर लावला की तुटतो. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटीमीटरवर ३८ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला सव्वाशे लिटरहून जास्त पाणी आत येतं. ताशी ४,००० लिटरचा बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) मिनिटाला जेमतेम ६७ लिटर फेकतो, तोही कागदावर. म्हणून बोट पाण्याबाहेर काढलेली असतानाच पितळ काढून ब्राँझ बसवा, प्रत्येक होजला दोन क्लिप लावा आणि शेजारी त्याच मापाची लाकडी गुडदी दोरीने बांधून ठेवा.

नांगराचं गणित मुंबईत वेगळं पडतं, कारण उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं. ओहोटीला ४ मीटर खोली, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची १ मीटर आणि भरतीचे ४ मीटर, म्हणजे ९ मीटर. त्याच्या पाचपट साखळी सोडायची तर ४५ मीटर लागते. ओहोटीची खोली पाहून २५ मीटर सोडली की भरतीला बोट सरकते. ८ मिलिमीटरची गॅल्वनाइज्ड साखळी ५० मीटर घ्या आणि तिचं शेवटचं टोक बोटीला दोरीने बांधा, म्हणजे वेळ आली तर कापता येईल. डॅनफोर्थ हा चपट्या पात्यांचा नांगर चिखल चांगला धरतो, पण ओढ फिरली की उपटून येतो आणि पुन्हा रुततोच असं नाही. त्यामुळे मुख्य नांगर १५ किलोचा, फावड्यासारख्या पात्याचा असावा, डॅनफोर्थ दुसरा. नांगर टाकल्यावर इंजिन हळूहळू रिव्हर्स घ्या आणि साखळीवर पाय ठेवा. थरथर जाणवली तर तो घसरतोय.

डोलकाठीच्या तारा किती जुन्या आहेत हे कोणाला सांगता येत नसेल तर सगळ्या बदला. स्टेनलेस स्टील फारशी पूर्वसूचना न देता तुटतं. डेकमधून खाली जाणाऱ्या चेनप्लेट, म्हणजे तारा ज्यांना बांधतात त्या पट्ट्या, बाहेर काढूनच पाहा. सीलंटखाली ओल असते, पण प्राणवायू नसतो, आणि स्टील नेमकं तिथेच कुरतडलं जातं.

इंजिन बहुधा डिझेलमुळे बंद पडतं. जून ते सप्टेंबर टाकी अर्धी रिकामी राहिली की आत दव धरतं, पाणी तळाशी बसतं आणि त्यात बुरशी वाढते. बोट पहिल्यांदा जोरात हलली की तो गाळ फिल्टरमध्ये जातो. टाकी उघडून पुसा, पाणी दिसेल असा काचेच्या वाटीचा फिल्टर बसवा. सुट्या भागांत पाच फिल्टर, दोन इम्पेलर (इंजिनच्या पाण्याच्या पंपातली रबरी चक्रं) आणि एक बेल्ट ठेवा. मुंबई ते जयगड सुमारे १०० सागरी मैल. ५ नॉटने (ताशी ५ सागरी मैल) २० तास आणि ताशी अडीच लिटर धरले तर ५० लिटर होतात, वर तिसरा हिस्सा राखीव. परतीला हे डिझेल लागतंच. हिवाळ्यात सकाळचा, जमिनीवरून येणारा मतलई वारा दहापर्यंत मरतो आणि दुपारचा वायव्येचा वारा थेट तोंडावर येतो.

विजेचं थोडक्यात: ऑटोपायलट, दिवे, रेडिओ, पंखे मिळून दिवसाला ७० अँपिअर-तास धरा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून २०० ची घ्या आणि वर २०० वॉटचं सोलर. व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाची जुनी केबल बदला, जोडात गंज असतोच. संकटाच्या हाकेचा चॅनल १६ सतत चालू ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर चार्ट टेबलावर चिकटवा.

रात्री जाळ्यांचे बोये दिसत नाहीत. बोटीच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) दोरी अडकली की लगेच न्यूट्रल करा. दातेरी सुरी आणि पोहण्याचा चष्मा पायरीपाशीच हवा.

निघण्याआधी उधाणाच्या दोन रात्री मांडव्यासमोर नांगरावर काढा आणि सकाळी बिल्जमधलं पाणी मोजा. चव खारट लागली तर सी-कॉक आणि प्रोपेलरच्या शाफ्टचं सील पुन्हा तपासा, गोडी लागली तर पिण्याच्या पाण्याच्या टाकीचे जोड.