डोंबिवली ते नागपूर: दीड तासाचं विमान आणि अकरा तासांचा रस्ता

माहेर नागपूरला आणि संसार डोंबिवलीत, त्यामुळे 'किती तास लागतात?' हा प्रश्न मला वीस वर्षं चिकटलेला आहे. पूर्वी उत्तर सोपं होतं. रात्री कल्याणला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी नागपूर. आता मात्र हिशोब करावा लागतो.

मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण 680 किलोमीटर. विमान दीड तासात पोचवतं, असं तिकीट म्हणतं. भाच्याच्या लग्नाला मी विमानाने गेले. पहाटे सव्वाचारला रिक्षा, मग टॅक्सी, मग रांगा, सुरक्षा तपासणीत पर्समधला नारळ बाहेर काढून दाखवणं (ओटीचा होता, काय करणार). सव्वासातचं उड्डाण, नऊच्या आत सोनेगावला उतरले, बॅगेची वाट बघून त्रिमूर्तीनगरला घरी पोचेपर्यंत दहा वाजले. दीड तासाचे पावणेसहा झाले की नाही?

या दिवाळीत चौघांची विमानाची तिकिटं बघितली आणि गुपचूप गाडीची हवा तपासून घेतली. समृद्धी महामार्गावर टायर हा चेष्टेचा विषय नाही. तापलेलं काँक्रीट आणि सलग वेग, त्यात जुना टायर असेल तर फुटायची भीती.

पावणेपाचला निघालो. भिवंडीजवळ आमणेला रस्ता लागतो. हा इगतपुरीपर्यंतचा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा जून 2025मध्ये खुला झाला आणि आम्हा डोंबिवलीकरांचं नशीब उघडलं. कसारा घाटात ट्रकांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रखडण्यात माझी निम्मी तरुणाई गेली. आता पावणेआठ किलोमीटरचा बोगदा. आत शिरलो तेव्हा अंधार होता, बाहेर आलो तर इगतपुरीचे डोंगर उजळायला लागलेले. मुलं झोपलेली, त्यामुळे कौतुक मी एकटीनेच केलं.

पुढे शिर्डी, संभाजीनगर, जालना सगळं लांबूनच, फलकांवर. गाव लागतच नाही हो! एसटीत सिन्नरला भेळ, मेहकरला चहा असा प्रवास मोजायची सवय, इथे फक्त आकडे. जालन्यानंतर तर सरळ रस्ता इतका एकसुरी की डोळे उघडे असून माणूस झोपतो. नवऱ्याला दर शंभर किलोमीटरला खाली उतरवून चालायला लावलं. खाण्याच्या सोयी लांब लांब आहेत, म्हणून धपाटे नि दही डब्यात होतं. वाशीम जिल्ह्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि काळी माती दिसली, तेव्हा कुठे घरी चालल्यासारखं वाटलं.

समृद्धीचे एकूण 701 किलोमीटर. कारला वेगमर्यादा 120 असली तरी थांबे धरून आम्हाला सव्वानऊ तास लागले. टोल दीड हजाराच्या आसपास, तो अख्ख्या गाडीचा. नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी संपते, तिथे उतरून घरी पोचलो तेव्हा पावणेचार वाजत होते.

आई दारात आली, हाताला बेसन लागलेलं. "रात्री येणार होते ना बाप्पा तुम्ही? माझं पाटवडीचं अजून शिजलं पण नाही!"