चपलांच्या खोक्यातला तिबोटी

जूनचा दुसरा आठवडा. रात्रभर पाऊस कोसळला होता. ठाण्यातल्या वर्तकनगरच्या दवाखान्याचं शटर वर करत होते, तोच शेजारच्या इमारतीतल्या काकू चपलांचा खोका छातीशी धरून आल्या. "डॉक्टर, पहाटे बाल्कनीच्या काचेवर आदळला. कुणाचा पाळलेला सुटलाय का हो?"

झाकण बोटभर उचललं. शेंदरी चोच, पिवळंधमक पोट, डोक्यावर जांभळी झाक, पंखांत गडद निळाई. पायाला बोटं तीनच.

"पाळलेला नाही, काकू. तिबोटी खंड्या आहे. पावसाबरोबर दक्षिणेकडून आपल्याकडे वीण करायला येतो. प्रवास रात्रीचा, त्यात आपले दिवे आणि काचा."

काट्यावर वजन भरलं १५ ग्रॅम. दिवसभर कुत्री-मांजरं हाताळणाऱ्या माझ्या हातांना तो असल्याचं कळतही नव्हतं. पंख शाबूत होते, पण एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी, मान कललेली. मेंदूला धक्का बसला होता. अशा वेळी अंधार, ऊब आणि शांतता हेच खरं औषध. काकूंनी मायेने चमच्याने पाणी पाजून पाहिलं होतं. त्याने चोच उघडली नाही हे नशीब, नाहीतर पाणी श्वासनलिकेत गेलं असतं.

वनविभागाला कळवलं. चारच्या सुमारास खोक्यात खुडबुड सुरू झाली. मान सरळ, बाहुल्या सारख्या. वनरक्षक दादांबरोबर येऊरच्या डोंगरातल्या जंगलाकडे निघाले.

पायथ्याचा नाला दोन्हीकडून काँक्रीटने बांधलेला. हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीत चोचीने बोगदा खणतो आणि आत, टोकाशी अंडी घालतो. या भिंतीत तो काय खणणार? दर पावसाळ्यात ही भिंत पाहून मला राग येतो. त्या दिवशी घशाशी आला.

दादा मात्र न थांबता वर चढत राहिले. दाट सावली, लोंबणारी मुळं, दगडांखाली चिंबोऱ्यांची पिल्लं, आणि ओढ्याला मातीची उभी दरड. एकाएकी त्यांनी हात आडवा केला. "मॅडम, पुढे नको. बघा." दरडीत मुठीपेक्षा लहान भोक, खाली ताज्या मातीचा सडा. कुणीतरी आधीच घर खणायला घेतलं होतं.

आम्ही मागे सरकलो, बऱ्याच खालच्या वळणावर खोका उघडला. तो मुळावर बसला, दोनदा मान वरखाली केली आणि बारीक शीळ घालत पाण्यालगत निघून गेला.

रात्री काकूंना फोन केला. "उडाला?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "बाल्कनीचा दिवा मी बंद केलाय. वरच्या मजल्यावरच्यांनाही सांगून आले."