थिबाची थोरली

आमच्या रत्नागिरीत 'थिबा' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे राजा येत नाही, पत्ता येतो. "थिबाजवळ सोडा हो," एवढं रिक्षावाल्याला पुरतं. माझंही लहानपणी तसंच होतं.

गेल्या मे महिन्यात भाचीला घेऊन थिबा पॅलेसला गेले. उन्हं कलली होती. वरच्या मजल्यावर अर्धगोल खिडक्यांच्या रंगीत काचांमधून फरशीवर लाल-निळे कवडसे पडले होते. ती एका लाल कवडशात अनवाणी उभी राहिली नि म्हणाली, "मावशी, राजाच्या मुलीपण अशाच खेळल्या असतील ना?"

नाही गं, खेळल्या नसतील. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या राजाला बोटीत घातलं आणि मद्रासमार्गे एप्रिल १८८६ मध्ये इथं आणून ठेवलं. तेव्हा थिबा सत्तावीस वर्षांचा होता. पोलिसांच्या पहाऱ्यात, सरकारी बंगल्यांत दिवस काढायचे, तनखा पुरला नाही की दागिने विकायचे. जांभ्या दगडाचा हा वाडा उभा राहून कुटुंब राहायला आलं १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षांनी! चौघी मुलींतली धाकटी, जी रत्नागिरीतच जन्मली, तीसुद्धा तोवर तेवीस वर्षांची झाली होती. थोरली फाया जी तर तिशीची. राजाला हा वाडा सहाच वर्षं लाभला. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथंच गेला. त्याची समाधीही इथंच, शिवाजीनगरात.

लोक थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघतात, सूर्यास्ताचे फोटो काढतात. जागा देखणी आहे, वादच नाही. पण मला तिथं दर वेळी आठवते ती थोरली. राजाच्या बंगल्याच्या देवडीवरचा नोकर गोपाळ सावंत. आधीच लग्न झालेला, मुलंबाळं असलेला. त्याच्यापासून तिला १९०६ साली मुलगी झाली, टूटू. हा वाडा उभा राहायच्या आधीची ही गोष्ट. राजाराणीच्या घरात काय वादळ झालं असेल, याचा विचार करताना आजही माझ्या पोटात कालवतं.

१९१९ मध्ये सुपायालत राणीला आणि मुलींना ब्रह्मदेशात परतायची परवानगी मिळाली. थोरलीही टूटूला घेऊन गेली. ज्या मुलखातून पाच वर्षांची असताना उचलून आणलं होतं, तिथं ती अखेर पोचली. आणि थोड्याच काळात लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली. या वेळी तिला कुणी धरून आणलं नव्हतं. मला वाटतं, थिबाच्या घराण्यातलं रत्नागिरीत स्वतःहून आलेलं पहिलं माणूस तीच.

भाचीनं लगेच विचारलं, "मग ती या वाड्यात परत आली?"

"नाही. गावात. गरिबीत राहिली. १९४७ मध्ये गेली."

"आणि टूटू?"

टूटूचं लग्न इथंच झालं, संसार इथंच झाला. लोक तिला बाईसू म्हणायचे. राजाची नात शेणी थापायची, मराठीत बोलायची. २००० साली ती वारली.

भाची कवडशातून बाजूला झाली. "दोन हजार? म्हणजे तू तेव्हा इथंच होतीस?"

होते. शाळेत होते.