आईचा वरचा मजला आणि आमचं लाइपझिगचं घर

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराचा वरचा मजला कायम भाड्याने असतो, आणि भाडेकरू निवडायचं खातं आईचं. तीनेक वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, घरूनच काम करायचा, क्लायंट अमेरिकेतला, पैसे डॉलरमध्ये. बिचारा बँकेचं स्टेटमेंट मोबाईलवर उघडून दाखवत होता. आई म्हणाली, "ऑफिस नाही, साहेब नाही, उद्या पळाला तर विचारायचं कोणाला?" आणि मी, स्वतः आयटीवाला असून, मान डोलावली. खोली बँकेतल्या एका क्लार्कला दिली.

आता माझी गंमत ऐका. बायकोला जर्मनीत लाइपझिगला मास्टर्सची ॲडमिशन मिळाली, माझ्या कंपनीने हो-नाही करत तिथून काम करायची परवानगी दिली, पगार मात्र इंदूरच्याच खात्यात, रुपयात. मला वाटलं पैसे आहेत ना, मग घर काय, मिळेल. भिया, घर पैशाने नाही, कागदाने मिळतं तिकडे. शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, आधीच्या घरमालकाचं भाडं थकलेलं नाही असं पत्र (आधीची घरमालकीण म्हणजे आईच, ती कसलं पत्र देतेय) आणि शूफा, म्हणजे आपल्या सिबिलसारखा उधारी-परतफेडीचा रिपोर्ट. आम्ही उतरून पंधरा दिवस झालेले, आमचा कसला शूफा!

सगळ्यात भारी किस्सा स्लिपचा. इन हँड लिहिलेलं 1,18,000. जर्मनीत स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह, हजाराला ते टिंब देतात. एजंट बाई चष्मा वर-खाली करत बघतायत, एक पूर्णांक अठरा आणि पुढे शून्यं का? मी सांगितलं एक लाख अठरा हजार, तर लाख म्हणजे काय इथून सुरुवात. युरोला शंभर रुपये धरले तर होतात 1180. घराचं कोल्ड भाडं, म्हणजे नुसत्या जागेचं, 480, हीटिंग-पाणी धरून 620, आणि बहुतेक मालकांना पगार कोल्ड भाड्याच्या तिप्पट लागतो, म्हणजे 1440. बाईंनी हिशोब केला, गोड हसल्या, नंतर मेल आलाच नाही. असं अकरा वेळा झालं. एका ठिकाणी तर किचन म्हणून नुसती रिकामी खोली, भिंतीतून दोन पाइप बाहेर आलेले, ओटा-सिंक आपलं आपण आणायचं म्हणे. आणि तेही आम्हाला मिळालं नाही!

बरं घराशिवाय पुढचं सगळं अडतं. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाची सही लागते, एअरबीएनबीवाला सही देत नाही.

शेवटी बायकोचं ब्लॉक्ड अकाउंट कामी आलं. स्टुडंट व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधीच तिथे भरलेले होते, महिन्याला 992 सुटतात. ते युरोत, जर्मन कागदावर. एका आजोबांनी तोच कागद दोनदा वाचला, माझ्या स्लिपांकडे ढुंकूनही बघितलं नाही, आणि घर दिलं. माझ्या दहा वर्षांच्या नोकरीची किंमत तेव्हा कळली!

डिपॉझिट तिकडे तीन महिन्यांच्या कोल्ड भाड्यापेक्षा जास्त घेताच येत नाही आणि तीन हप्त्यांत देता येतं, हे मात्र मला आवडलं. इंदूरच्या खात्यातून पैसे पाठवताना बँकेत एटू फॉर्म (परदेशात पैसे पाठवायचा अर्ज), पॅन वगैरे करावंच लागतं, आणि मी पहिल्यांदा बरोबर 620 पाठवले तर मधल्या बँकेने चार्जेस कापून पोचवले 605. आजोबांची चिठ्ठी, पंधरा युरो कमी आहेत. तेव्हापासून चार्जेस आपल्याकडून असा पर्याय निवडतो. एका आर्थिक वर्षात असे पाठवलेले पैसे 10 लाखांच्या वर गेले तर वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापतात, रिटर्न भरल्यावर ॲडजस्ट होतो पण तोवर अडकून पडतो. सहा महिन्यांच्या वर राहिलं की तिथला टॅक्सवालाही दारात येतो, तेव्हा जायच्या आधीच सीएकडे जा, माझ्यासारखं नंतर जाऊ नका.

परवा आईचा फोन. बँकवाल्याची बदली झाली, आता परत एक लॅपटॉपवाला आलाय, कुठल्यातरी परदेशी कंपनीचं घरून काम करतो म्हणे.

"देऊन टाक," म्हटलं.

"अरे पण कागद सगळे इंग्रजीत आणि पगार कुठल्या पैशात ते मला कळतच नाही."

मी म्हटलं, फोटो पाठव.